बाजूची शिवण

उस्तादांबरोबर गाडीतून कुठे जायचं असेल तर चहा पिऊनच निघावं, असं त्यांची बायको सांगायची. कारण उस्ताद आत बसले म्हणून गाडी सुटली असं कधी होत नसे. आधी सीट पुढे-मागे. मग पाठ. मग डोक्यामागची उशी कानाच्या वरच्या टोकाला लागते का, हे तळहाताने चाचपणं. मग तिन्ही आरसे. मग पट्टा ओढायचा, तो खांद्याच्या हाडावरून जातोय ना, गळ्याला घासत नाही ना ते बघायचं, आणि खालचा भाग पोटावरून काढून कंबरेच्या हाडावर बसवायचा. सगळ्यात शेवटी छाती आणि स्टिअरिंग यांच्यामध्ये एक वीत आणि चार बोटं मोजायची. गाडी त्यांचीच, काल त्यांनीच चालवलेली, घरात दुसरं चालवणारं कुणी नाही. तरी रोज हा सोहळा.

"अहो, रात्रीतून उंची वाढली का तुमची?" बायको मागच्या सीटवरून विचारायची.

"वाढतेच. सकाळी माणूस बोटभर उंच असतो. दिवसभर बसून दबतो, म्हणून संध्याकाळी आरसा चुकतो. तुला नाही कळायचं."

यावर बायको जे म्हणायची ते इथे लिहिण्यात अर्थ नाही.

उस्तादांचा धंदाच सीटांचा होता. गॅरेजांच्या रस्त्यावर त्यांचं दुकान, रुंदीला एक गाडी मावून तिचं दार उघडेल इतकंच, पण आत लांबच लांब गेलेलं. भिंतीला रेक्झिनचे रोल उभे, कोपऱ्यात फोमच्या लाद्या, मधे शिवणयंत्र, आणि जमिनीवर गाड्यांमधून काढून आणलेल्या सीटा ओळीने मांडलेल्या. नवीन माणूस आत आला की दचकायचा. गाडी नाही, छप्पर नाही, चाकं नाहीत, नुसत्या सीटा समोरच्या भिंतीकडे तोंड करून बसलेल्या. त्यांतल्या काहींचे पट्टे अजून लोंबत असायचे.

त्यांची कामाची एक रीत होती. सीट उसवायच्या आधी ते तिच्यावर बसायचे. डोळे मिटून, कुठलाही लिव्हर न हलवता. मग सांगायचे, हा माणूस मागच्या खिशात जाड पाकीट ठेवतो. ही बाई पाठ टेकवतच नाही, हिला रस्त्याची भीती वाटते. हा एक हात खिडकीबाहेर टाकून चालवतो, याला एकदा समज द्या. गिऱ्हाईक हसायचं, पण पुढच्या वेळी पाकीट पुढच्या खिशात असायचं.

स्वतः उस्ताद डावीकडे कललेले. डावा पाय जन्मापासून दोन बोटं आखूड. त्यांच्या आईचाही तसाच होता. पाय आखूड म्हणून क्लच दाबायला सीट एक खाच पुढे हवी. सीट पुढे म्हणून स्टिअरिंग छातीशी येतं, म्हणून पाठ एक खाच मागे हवी. आणि कंबर सरळ राहावी म्हणून डाव्या बुडाखाली फोमची एक पाचर हवी. ही पाचर त्यांनी आपल्या गाडीच्या कव्हरखाली शिवून टाकली होती. त्या सीटवर दुसरं कुणी बसलं तर त्याला वाटे, आपण घसरगुंडीवर बसलोय. म्हणून त्यांची गाडी कुणी उसनी मागत नसे, आणि उस्तादांना त्याचा फार अभिमान होता.

त्यांना एक मुलगी. एकुलती एक, आणि डावा पाय बापासारखाच. लहानपणी ती दुकानातच असायची. ओळीतल्या एखाद्या सीटवर चढून बसायची, तोंडाने इंजिनाचा आवाज काढायची. उस्ताद हातातलं काम टाकून तिच्यापुढे उकिडवे बसत. "ड्रायव्हरसाहेब, सीट बघितली? पाठ? उशी? आरसे? पट्टा? मग घाई कसली?" आणि ती आपल्या एवढ्याशा हाताची वीत छातीसमोर धरून मोजायची, त्यात चार बोटं मिळवायची, आणि मगच भिंतीच्या दिशेने भरधाव निघायची.

मोठी झाली, बापाच्या उंचीला आली, तशी ती यंत्रावर बसायला लागली. उस्तादांनी तिला आपली शिवण शिकवली. दुहेरी दोरा, दोन वेढ्यांची गाठ, आणि गाठीचं शेपूट आत ढकलायचं, म्हणजे बाहेरून कुणाला दिसत नाही आणि गाडी भंगारात गेली तरी सुटत नाही. "शिवण सुटली तर आपलं नाक कापलं गेलं," हे तिला पाढ्यासारखं पाठ होतं. ही गाठ रस्त्यावर दुसऱ्या कुणाला येत नव्हती. त्या दोघांनाच येत होती.

मग एक दिवस तिने लायसन्स आणून यंत्रावर ठेवलं. गुपचूप काढलेलं. म्हणाली, मी गाडी चालवणार, पोटापाण्यासाठी, एका कंपनीने घ्यायचं कबूल केलंय.

उस्ताद चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, "आपला पाय असा. उद्या कुणाला मारलंस म्हणजे?"

"तुमचाही असाच आहे. तुम्ही चालवता."

"मी पुरुषमाणूस आहे."

बोलून गेले खरे, आणि शब्द तोंडातून बाहेर पडताक्षणी त्यांना कळलं की आपण मूर्खासारखं बोललो. पण मागे घेतील तर ते उस्ताद कसले. मुलीने यंत्रावरचा दोरा तोडला, सुई काढून डबीत ठेवली आणि निघून गेली. त्याला आता वर्षं झाली. बायको तिच्याशी फोनवर बोलते हे उस्तादांना ठाऊक होतं. स्वयंपाकघरातला नळ सोडून ती हळू आवाजात बोलायची, आणि उस्ताद बाहेर पाण्याच्या आवाजाखालचा एखादा शब्द हाती लागतो का ते ऐकत बसायचे. विचारलं मात्र कधी नाही.

ती गेल्यानंतर आणखी एक गोष्ट घडली. एका गाडीकंपनीचा माणूस रस्त्यावरच्या सीटवाल्यांना शिकवायला आला. त्याने एक सीट दाखवली, तिच्या दाराकडच्या बाजूला आत एअरबॅग दडवलेली. बाजूने धडक बसली की ती कव्हर फाडून बाहेर येते, आणि माणसाच्या बरगड्या व दार यांच्यामध्ये उभी राहते. पापणी लवायच्या आत. "म्हणून या उभ्या शिवणीला तुमची कलाकुसर नको," तो म्हणाला. "इथे हा कच्चा दोरा. एकेरी. गाठ नाही. इथली शिवण सुटलीच पाहिजे. नाही सुटली तर पिशवी आतच फुगेल, आणि माणूस दारावर जाईल."

उस्ताद त्या दिवशी जेवले नाहीत. मागे जितक्या सीटा त्या जागी दुहेरी दोऱ्याने शिवल्या होत्या त्या आठवून आठवून त्यांनी गिऱ्हाइकांना बोलावलं आणि फुकट उसवून पुन्हा शिवून दिल्या. लोकांना वाटलं, म्हातारा सणकला. सगळे झाले. राहिली एकच व्यक्ती, जिला त्यांनी ती गाठ शिकवली होती. फोन करायचा म्हणून बायकोकडे तिचा नंबर मागायला ते दोनदा उठले आणि दोनदा बसले. मग स्वतःची समजूत घातली, ती आता गाड्या चालवते, सीटा कुठे शिवते.

आता त्या दुपारचं सांगायचं.

बायको घरी नव्हती. तिची धाकटी बहीण न्हाणीघरात घसरून पडली होती म्हणे, उजव्या खांद्याचं हाड मोडलं होतं, आणि गेले काही आठवडे बायको डबा घेऊन तिच्याकडे जात होती. उस्ताद दुकानात एकटेच. रस्त्यावरून गलका ऐकू आला म्हणून त्यांनी मान वर केली, तर एक पांढरी गाडी दुकानाकडे येत होती आणि तिच्या स्टिअरिंगवर कुणी नव्हतं.

म्हणजे कुणीतरी होतं. ड्रायव्हरच्या जागी पांढऱ्या चादरीत गुंडाळलेलं, दोरीने आवळून बांधलेलं काहीतरी ताठ बसलेलं होतं. उस्तादांच्या हातातली कात्री खाली पडली. मग लक्षात आलं, ती नुसती सीटच आहे. गॅरेजची चार माणसं गाडी मागून ढकलत होती आणि एकजण बाहेरून चालत, खिडकीतून हात घालून स्टिअरिंग वळवत होता.

"आत बसून का नाही वळवत?" उस्तादांनी विचारलं.

माणसांनी एकमेकांकडे बघितलं. मागून जुन्या गाड्यांचा दलाल आला. धडकलेल्या गाड्या घ्यायच्या, ठाकठीक करायच्या आणि विकायच्या, हा त्याचा धंदा. सगळा रस्ता त्याला शेठ म्हणायचा.

"उस्ताद, एक भानगड आहे," शेठ म्हणाला. "बाजूने ठोकलेली गाडी. दार नवं टाकलं, काच नवी, रंग मारला. इंजिनाला ओरखडा नाही. फक्त ही एक सीट. रूळ अडकलाय, पुढे-मागे होत नाही. आणि आमचे लोक तिच्यावर बसत नाहीत."

"का बरं?"

"म्हणतात, ढकलते."

उस्ताद हसले. शेठ हसला नाही.

"मी स्वतः बसलो," तो आवाज खाली आणून म्हणाला. "डावीकडून कुणीतरी कंबरेला रेटतंय असं वाटलं. ऊठ, ही माझी जागा आहे, असं. मी देवाधर्माचा माणूस नाही, पण उठलो."

"ड्रायव्हर कोण होता हिच्यावर?"

"कुठल्यातरी कंपनीची गाडी. मी कागद बघतो, इंजिन बघतो. ते विचारत नाही."

"वाचला का?"

"विचारलं की जेवण जात नाही, उस्ताद. काचेचा चुरा आहे म्हणून चादर बांधलीय. तुम्ही फार आत शिरू नका. रूळ सोडवा, वरून चकचकीत कव्हर चढवा, झालं."

ते सगळे गेले. गाडी दुकानात, नाक भिंतीकडे, मागची काच रस्त्याकडे. उस्तादांनी ट्यूबलाइट लावली. ती गाडीच्या छपरावर पडत होती आणि आत मात्र सावलीच होती. रीतीप्रमाणे त्यांनी दार उघडलं, चादरीसकट सीटवर बसले आणि डोळे मिटले.

कुणीही ढकललं नाही.

उलट, कुणीतरी धरून बसवल्यासारखं वाटलं. डाव्या बुडाखाली उंचवटा होता, हवा तिथे आणि हवा तितकाच. डावा पाय उचलला तो सरळ क्लचवर गेला आणि क्लच तळापर्यंत दबला, टाच न उचलता. पाठ टेकली. डोकं मागे नेलं तर उशी कानाच्या टोकाला. उस्तादांनी डोळे उघडून वर बघितलं. आरशात मागची काच चारही कडांसकट बरोबर मावली होती आणि तिच्यात रस्ता.

त्यांनी हात उचलला. छातीवर अंगठा टेकवला, वीत पसरली, चार बोटं लावली. करंगळी स्टिअरिंगला अलगद टेकली.

आयुष्यभरात उस्तादांना एका परक्या गाडीत प्रथमच काहीही हलवावं लागलं नव्हतं. एखाद्याला आनंद झाला असता. उस्तादांच्या हातावरचे केस उभे राहिले. ही गाडी त्यांनी कधी बघितली नव्हती आणि ती त्यांच्या मापाची होती. त्यांच्याच मापाचं कुणीतरी इथे रोज बसत होतं, आणि मग एक दिवस त्या बाजूने काहीतरी येऊन धडकलं होतं. मनात वेडंवाकडं येऊ लागलं. हे आपणच तर नाही? आपल्याला विसरायला होतंय का? की आपलं काही झालंय आणि आपल्यालाच कुणी सांगितलेलं नाही? आरशात त्यांनी स्वतःला शोधलं. आरसा इतका बरोबर लावलेला होता की त्यात ते दिसतच नव्हते.

ते घाईने उतरले. माठातलं पाणी प्याले. रस्त्यावर जाऊन उगाच शेजारच्या टायरवाल्याला, "काय, ठीक ना?" असं विचारून आले. तो म्हणाला, "तुम्ही ठीक दिसत नाही." तेवढ्याने त्यांना जरा बरं वाटलं, निदान आपण दिसतो तरी.

परत येऊन ते गाडीजवळ गुडघ्यावर बसले. चादर न सोडता खालून हात घातला आणि कव्हरच्या कडेवरून बोटं फिरवत नेली. डावीकडे पाचर होती. फोमचीच, तिरकी कापलेली, जाड बाजू बाहेर. पाचरीच्या टोकाशी शिवण संपत होती. तिथे बोटाला गाठ लागली. दोन वेढे. शेपूट आत.

उस्तादांचं बोट तिथेच राहिलं. ही गाठ त्यांनी मारलेली नव्हती. आणि ही गाठ जगात आणखी एकाच हाताला येत होती.

किती वेळ गेला कोण जाणे. फोन काढून त्यांनी बायकोला लावला. घंटा वाजत राहिली, तिने उचलला नाही. मुलीचा नंबर त्यांच्याकडे नव्हताच. कधी मागितला नव्हता. शेठला पुन्हा विचारावं तर तो ते विचारतच नाही. आता विचारायला समोर एक सीटच उरली होती, आणि सीट वाचता येणं हा त्यांचा धंदा होता. आपल्याला हा धंदा येत नसता तर बरं झालं असतं, असं त्यांना जन्मात प्रथमच वाटलं.

आधी पट्टा. तो अर्धा बाहेर लोंबत होता, आत जात नव्हता. उस्तादांनी तो उजेडाकडे धरला. वरच्या कडीतून जिथे जातो तिथला हातभर भाग चकाकत होता, इस्त्री जास्त लागलेल्या कापडासारखा, आणि कडा लाटांसारख्या वेड्यावाकड्या झाल्या होत्या. रिकाम्या सीटचा पट्टा असा होत नाही. या पट्ट्याने अंगाचा सगळा भार झेलला होता. म्हणजे तिने तो लावला होता. "पट्टा? मग घाई कसली?" उस्ताद मोठ्याने म्हणाले. ओळीतल्या सीटा भिंतीकडे बघत राहिल्या.

पण धडक बाजूने होती. बाजूच्या धडकेला पट्टा पुरत नाही.

आता राहिली दाराकडची बाजू. तिथे चादरीखाली काहीतरी फुगीर होतं, बसल्याबसल्या दंडाला लागलं होतं, आणि उस्तादांनी तिकडे मुद्दामच हात नेला नव्हता. कारण हे कव्हर तिने शिवलं होतं. बापाच्या शिवणीने शिवलं होतं. दुहेरी दोरा, दोन वेढे, शेपूट आत, गाडी भंगारात गेली तरी सुटत नाही. ती उभी शिवण तिने तशीच घातली असेल तर पिशवी आत कोंडून राहिली असणार, आणि पोरगी दारावर गेली असणार. ज्याने मारलं त्या गाडीचा ड्रायव्हर राहिला बाजूला, तिला उस्तादांनीच मारलं असणार, इथे, या दुकानात, या यंत्रावर, शाबासकी देऊन.

दोरीची गाठ सुटेना. शेवटी त्यांनी ती कात्रीने कापली. चादर सरकली आणि काचेचा चुरा जमिनीवर सांडला.

पिशवी बाहेर होती. पांढरी, चुरगळलेली, हवा गेलेली, सीटच्या कुशीतून बाहेर येऊन लोंबत होती. उभी शिवण वरपासून खालपर्यंत उघडली होती, एकही टाका न अडकता, कापड कुठेही न फाटता. उस्तादांनी चष्मा लावला. शिवणीच्या भोकांतून बारीक, एकेरी, कच्च्या दोऱ्याचे तुकडे लोंबत होते. गाठ नव्हती. मग त्यांनी बाकीच्या शिवणी बघितल्या, एक एक करून, पाठीच्या, गादीच्या, खालच्या. सगळीकडे दुहेरी दोरा, सगळीकडे त्यांची गाठ, आणि एवढ्या धडकेनंतर एकही सुटलेली नाही. जिथे बापाचं ऐकायचं तिथे पोरीने ऐकलं होतं. जिथे ऐकलं असतं तर जीव गेला असता, तिथे ऐकलं नव्हतं.

डोक्याच्या उशीवर वाळलेले तपकिरी ठिपके होते. फार नव्हते. उस्ताद त्यांच्याकडे बघत बसले. पट्टा सांगत होता, शिवण सांगत होती, पण जिवंत आहे असं ठामपणे कुणी सांगत नव्हतं. त्यांनी पुन्हा पट्टा हातात घेतला आणि तो कुठून कुठे जातो हे, जणू माहीत नसल्यासारखं, हवेत धरून बघितलं. वरच्या कडीपासून तिरका खाली. उजव्या खांद्यावरून.

उजव्या खांद्याच्या हाडावरून.

शेठला त्यांनी फोन केला. "ही मी शिवत नाही. आत नवी एअरबॅग बसवा, पट्टा बदला, मग आणा. तसंच वरून कव्हर चढवून विकलीत तर रस्ताभर सांगत फिरेन." शेठ काहीतरी बोलत होता. उस्तादांनी ऐकलं नाही. शटर ओढलं आणि कलत कलत घराकडे निघाले, नेहमीपेक्षा जोरात.

बायको नुकतीच आली होती. रिकामा डबा घासत होती.

"बहिणीचं कोणतं हाड म्हणालीस?"

"उजव्या खांद्याचं. किती वेळा सांगू?"

"न्हाणीघरात पडली?"

"हो."

"न्हाणीघरात पट्टा लावून बसली होती का?"

बायकोचा हात थांबला. नळ चालूच होता. तिने तो बंद केला, आणि घरात फार शांत झालं.

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"सीटने," उस्ताद म्हणाले, आणि तिथेच स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर खाली बसले. त्यांना रडू आलं. बायकोने त्यांना कधी रडताना बघितलं नव्हतं, त्यामुळे तिला काय करावं ते सुचेना. तिने ओला हात पदराला पुसला आणि त्यांच्या डोक्यावर ठेवला.

"बहिणीकडेच आहे ती," ती म्हणाली. "बरी आहे. खांद्याचं हाड आणि डोक्याला चार टाके. तुम्हाला सांगू नको म्हणाली. म्हणाली, ते म्हणतील, बघ, मी सांगत होतो."

"म्हटलं असतं मी," उस्ताद म्हणाले.

"माहीत आहे."

सकाळी दोघं निघाले. बायको मागे बसली आणि वाट बघू लागली. उस्तादांनी सीट बघितली, पाठ बघितली, उशी, आरसे, पट्टा. वीत दोनदा मोजली.

मेव्हणीच्या घरी मुलगी खिडकीपाशी एका लाकडी खुर्चीत बसली होती, हात गळ्यात बांधलेला. डावीकडे कलली होती. उस्ताद दारात उभे राहिले. वाटेत जुळवलेलं सगळं बोलणं विसरून गेले. मेव्हणी खणखणीत दोन्ही खांद्यांनिशी चहा करायला आत गेली.

"गाडी माझ्या दुकानात आलीय," ते शेवटी म्हणाले.

मुलगी खिडकीकडून त्यांच्याकडे वळली. "बसलात तिच्यावर?"

"बसलो."

"काही हलवावं लागलं?"

"काही नाही."

ती किंचित हसली, मग तिचा चेहरा बदलला. "बाजूची शिवण बघितलीत?"

"बघितली. कच्चा दोरा. गाठ नाही. कुणी शिकवलं?"

"सीटच्या कुशीला बिल्ला असतो, त्यावर एअरबॅग लिहिलेलं. मी कंपनीतल्या मेकॅनिकला विचारलं, ही शिवण पक्की घातली तर काय होईल. त्याने सांगितलं." तिने गळ्यातला हात जरा सावरला. "त्या रात्री मला झोप नाही लागली, बाबा. म्हटलं, तुम्ही अजून तिथे दुहेरी दोरा घालत असाल. लोक बसत असतील त्या सीटांवर. तुम्ही स्वतः बसत असाल. फोन हातात घेतला होता."

"मग केला का नाहीस?"

विचारलं खरं, पण उत्तर उस्तादांना ठाऊक होतं. तोच फोन करायला तेही दोनदा उठले होते, त्याच शिवणीसाठी, आणि दोनदा बसले होते. इतकी वर्षं दोघांनाही ठाऊक होतं की समोरचा या एका शिवणीने मरू शकतो, आणि दोघंही आधी कोण बोलतंय याची वाट बघत बसले होते. दोघंही वाचले, यात त्या गप्प बसण्याची काहीच पुण्याई नव्हती.

"चुकलो मी," उस्ताद म्हणाले. "त्या दिवशी. पायाचं बोललो ते."

"हो," मुलगी म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "चुकलातच."

उस्तादांनी पिशवीत हात घातला. पहाटे उठून कापलेली फोमची पाचर बाहेर काढली, तिरकी, जाड बाजू बाहेर. खुर्चीजवळ जाऊन, दुखऱ्या गुडघ्यावर जोर देत, ते तिच्यापुढे उकिडवे बसले.

"ड्रायव्हरसाहेब," ते म्हणाले, "जरा सरका. सीट बघायची राहिलीय."